महिनावाला, फुकटवाला आणि खाला

खालाच्या दोन म्हणी होत्या, आणि दोन्ही तिनं स्वतःच बनवलेल्या. पहिली अशी : "बाजारात पयला जाईल त्याला ताजी मासळी." दुसरी अशी : "बाजारात शेवटी जाईल त्याला स्वस्त मासळी." या म्हणी एकमेकींच्या विरुद्ध आहेत, हे मी तिला एकदा दाखवून दिलं. तेव्हा ती म्हणाली, "म्हनून तर दोन ठेवल्यात. एक असती तर कधीतरी मी चुकले असते."

ती माझी घरमालकीण. सगळे तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायचे. मी कराडहून महाडच्या औद्योगिक वसाहतीत ट्रेनी म्हणून आलो आणि बाकीच्या कामगारांसारखी बिरवाडीत खोली शोधायला लागलो. कुणीतरी खालाचं घर दाखवलं. तिचे यजमान ट्रकवाले होते, ते वारले होते. मुलगा आखातात होता. खाली ती एकटी राहायची, आणि माडीवर जायला बाहेरून जिना होता. माडीवर दोन खोल्या. एकीचं भाडं बऱ्यापैकी जास्त; दुसरीचं इतकं कमी की ती सांगताना चुकली असावी असं मला वाटलं. ती दुरुस्त करायच्या आत मी सामान आणून टाकलं.

पहिल्याच सकाळी गरम पाणी मागितलं. "देते की. बादलीचं येगळं." पंख्याचं वेगळं. चहाचं वेगळं. शर्ट अडकवायला भिंतीत खिळा ठोकू का म्हणून विचारलं, तर पान लावता लावता म्हणाली, "ठोक. खिळ्याचं येगळं." महिनाअखेरीला माझ्या स्वस्त खोलीचं भाडं शेजारच्या महाग खोलीच्या वर गेलं होतं. त्या खोलीत तुक्या राहायचा. पोलादपूरच्या वरच्या अंगाला एका वाडीतला, माझ्याच कंपनीत ऑपरेटर. त्याच्या भाड्यात पाणी, पंखा, चहा, सगळे खिळे आलेले होते. तो पोट धरून हसला. "अरे, ती गरिबाची खोली नाय. ती हौशी मान्साची खोली हाय."

संगणक तिच्याकडे आले ते मुलामुळे. रजेवर आला तेव्हा त्यानं चार जुने संगणक आणले, खालच्या पडवीत पूर्वी ट्रकचे टायर असायचे तिथं मांडले, टेलिफोनवाल्यांकडून इंटरनेट घेतलं, आणि आईला चालू-बंद करायला शिकवून परत गेला. खालानं चारही पडद्यांना क्रोशाची झाकणं विणली. चप्पल बाहेर, हात धुऊन बसायचं, आणि वडापाव खाऊन आलेल्यानं साबणानं धुऊन बसायचं. तासाचा दर ठरलेला. आम्ही दोघं यंत्रं सांभाळायचो, म्हणून आम्हाला अर्ध्या दरात.

तेव्हा ऑनलाइन खेळ नुकते आपल्याकडे यायला लागले होते. आपण एक माणूस घ्यायचा, कुणी तलवारवाला, कुणी मंत्रवाला. त्याला नाव द्यायचं, आणि देशभरची पोरं एकाच नगरीत फिरायची, राक्षस मारायची, टोळ्या करायची. पहिला आला त्याचं नाव लांबलचक इंग्रजी होतं. खालाला ते उच्चारता येईना. त्या खेळाला महिन्याचं कार्ड लागायचं. चांदी खरवडायची, नंबर टाकायचा, की महिनाभर नगरीचा दरवाजा उघडा. म्हणून ती त्याला महिनावाला म्हणायची, आणि मग सगळी बिरवाडी तसंच म्हणायला लागली.

महिनावाल्यावर खालाचा फार जीव. कारण तिनं पहिल्या पंधरवड्यातच ओळखलं होतं. "खानावळीचा महिना भरलेला मानूस भूक नसली तरी जेवाया येतो," ती म्हणायची. खरंच होतं. कार्ड घेतलं की पोरं पैसे वसूल करायला ड्यूटी संपवून थेट पडवीत यायची. थकलेली असली तरी बसायची. कंपनीला महिन्याचे पैसे, खालाला तासाचे. पोरांना झोप नाही, पण ती तक्रार कुणी केली नाही.

मे महिन्यात दुसऱ्या खेळाचा माणूस आला. गळ्यात टाय, वीर स्टेशनपासून रिक्षात हादरून आल्यामुळे टाय खांद्यावर गेलेला. खालानं त्याला सरबत दिलं. (त्याचं वेगळं नाही घेतलं, पाहुणा होता.) तो सांगायला लागला की त्यांचा खेळ पूर्ण फुकट. कार्ड नाही, महिना नाही.

"मग तुमी खाता काय?" खालानं विचारलं.

"मॅडम, खेळ फुकट. आत घोडा हवा, चांगली तलवार हवी, नवे कपडे हवेत, तर ते विकत."

खालाचा चेहरा उजळला. माझ्याकडे बघून म्हणाली, "खिळ्याचं येगळं!" त्या बिचाऱ्याला काही कळलं नाही. मी मात्र मान खाली घातली.

"आनि सुरू कधी?"

"जुलैमध्ये. सगळ्या देशात एकाच दिवशी. तेव्हा कॉलेजं उघडतात. शिवाय त्या दुसऱ्या कंपनीचा नवा भाग दिवाळीत येतोय, आम्हाला त्यांच्या आधी यायचंय."

"जुलैत?" खालानं सुपारी कातरायची थांबवली. "अरे, आषाढात हिकडं नवरदेव सुद्धा थांबतो. सावित्रीला पानी चढलं की टेलिफोनचा डबा बुडतो. पोरं येतील रे, लाईन जाईल."

तो हसला. मुंबईहून पाऊस कसा दिसतो ते त्याच्या हसण्यावरून कळत होतं. "मॅडम, एका गावासाठी देशाची तारीख बदलत नाही."

"मंग देशाला सांग, मी नाय घेत. बाजारात शेवटी जाईल त्याला स्वस्त मासळी."

तो तिथून उठला तो थेट महाडला एस.टी. स्टँडजवळच्या कॅफेवाल्याकडे गेला. हा स्टँडवाला खालाचा प्रतिस्पर्धी. त्याच्याकडे दहा संगणक, काचेचं दार आणि टेबलफॅन. त्यानं खेळ घेतला, दारावर मोठा फलक लावला, आणि पहिल्या दिवशी येईल त्याला बटाटावडा फुकट अशी जाहिरात केली.

जुलैत खेळ सुरू व्हायच्या दिवशी पाऊस असा लागला की समोरचा माणूस आवाजावरून ओळखावा लागत होता. खाला सकाळीच छत्री घेऊन तयार. "चल रे, बघून येऊ." आम्ही रिक्षानं महाडला गेलो. स्टँडवाल्याकडे तोबा गर्दी, ओल्या पोरांचा वास, आणि दहाही पडद्यांवर एकच वाक्य : सर्व्हरशी संपर्क होत नाही. टेलिफोनची लाईन रात्रीच गेली होती. पुढं कळलं की मुंबईत लाईन होती, पण तिथंही फुकट म्हणून देशभरची पोरं एकदम तुटून पडली आणि कंपनीचं यंत्रच बसलं. स्टँडवाला घामाघूम होऊन तारा हलवत होता. पोरं वडे खात होती.

खालानंही एक घेतला. सावकाश खाल्ला. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "वडा चांगला झालाय. बाकी?"

पुढचा आठवडाभर लाईन नव्हती, आणि तो आठवडा ती रोज काही ना काही निमित्त काढून स्टँडवर गेली. रोज एक वडा, त्याच्या दारात उभं राहून.

पण खालाचा विजय फार टिकला नाही. लाईन आली तशी तिच्याकडची पोरं महिनावाल्यावर परतली, ती खूश झाली, आणि मग गणपती आले. आमच्या भागात घरटी एक तरी माणूस मुंबईला. गणपतीला ती सगळी पोरं गावी आली. ती मुंबईत दोन महिने फुकटवालाच खेळत होती. तिकडं यंत्र दुसऱ्याच दिवशी सुधारलं होतं. दारात येऊन विचारायची, "खाला, फुकटवाला हाय?" नाही म्हटलं की तशीच महाडच्या रिक्षात बसायची. आणि जाताना इथल्या भावंडांना बरोबर घेऊन जायची, कारण मुंबईचा भाऊ ज्या नगरीत आहे त्याच नगरीत यालाही जायचं असायचं. कार्डाचे पैसे काढायला घरून परवानगी लागायची. फुकटला कोण अडवणार? एका आठवड्यात पडवी ओस पडली. दिवाळीत महिनावाल्याचा नवा भाग यायचा होता, पण दिवाळीपर्यंत थांबायला कुणी उरलंच नव्हतं.

खालानं दोन दिवस रिकाम्या खुर्च्या मोजल्या. तिसऱ्या दिवशी मला घेऊन स्टँडवाल्याकडे गेली.

"तुझ्या त्या खेळाच्या सीड्या दे."

स्टँडवाल्यानं चहा मागवला. त्याला घाई नव्हती. "का हो खाला? तुम्ही तर म्हणत होतात..."

"मी आषाढात म्हनले होते. आता भादवा हाय. बाजारात पयला जाईल त्याला ताजी मासळी."

"पयले तर मी गेलो होतो."

"तू बाजार उघडायच्या आधी गेलास. त्याला पयला म्हनत नायत, त्याला येडा म्हनतात."

शेवटी त्यानं सीड्या दिल्या. अट एकच : खालानं यापुढं त्याच्या गिऱ्हाइकांसमोर वडा खायला यायचं नाही.

तीन संगणकांवर फुकटवाला चढला आणि पडवी परत भरली. खालाला आता स्वतः खेळायची हौस आली. तिनं कुऱ्हाडवाला राक्षसासारखा गडी निवडला, हिरव्या दाढीचा. खेळात येताना अंगावर जेमतेम लंगोट असतो. पुढचे कपडे विकत. खालानं एक पैसा खर्च केला नाही. "मला खिळे इकणारा मी बरा वळकते," म्हणायची. तिचा गडी शेवटपर्यंत लंगोटावर राहिला. त्यानं कधी एक उंदीर मारला नाही. नगरीच्या वेशीवर उभा राहायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला इंग्रजी अक्षरांत विचारायचा, "gaav kuthla?" पुष्कळजण पळून जायचे. काही उत्तर द्यायचे. खेडचे, माणगावचे, एक तर मस्कतहून बोलणारा दापोलीचा. अशाच एका मुलाचं तिनं आपल्या भाचीसाठी जवळजवळ जमवत आणलं होतं. घराणं चांगलं, बोलणं अदबीचं. मुलगा आठवीत आहे हे कळल्यावर नाद सोडला.

चौथा संगणक मात्र महिनावाल्यावरच होता, कारण तिथं तुक्या बसायचा. सगळे गेले तरी तो जाईना. दर महिन्याला कार्ड आणायचा, चांदी खरवडायचा. मी मागं उभा राहून बघितलं होतं. ती नगरी बघवत नसे. पूर्वी जिथं चौकात पोरांच्या गर्दीनं पडदा अडकायचा तिथं आता कारंजं एकटंच उडत होतं. तुक्याचा धनुष्यवाला आणि दुसरा एक ढालवाला, असे दोघंच हिंडायचे. ढालवाल्याचं नाव टिकल्या.

"हा टिकल्या कोन रे?" खालानं एकदा विचारलं.

"असंल कोनतरी."

"मुंबईचा?"

"ठाव नाय."

तुक्या वाईट खोटं बोलायचा. खालानं सुपारीचं एक खांड त्याच्या हातावर ठेवलं आणि वाट बघत बसली. थोड्या वेळानं त्यानं सांगितलं. टिकल्या हे त्यांच्या लहानपणच्या बोकडाचं नाव. कपाळावर पांढरा ठिपका होता म्हणून. ते नाव जगात दोनच माणसांना सुचलं असतं. एक तुक्या, आणि दुसरा त्याचा थोरला भाऊ, जो मुंबईला एका छापखान्यात होता. वडील गेल्यावर भाऊ आईला मुंबईला घेऊन गेला. तिचा जीव तिथं रमेना. तुक्या एक दिवस गेला आणि भावाला न विचारता तिला वाडीवर परत घेऊन आला. त्यावरून जे झालं, तेव्हापासून दोघं बोलत नव्हते. फोन नाही, सणाला येणं नाही.

आणि या खेळात एकदा समोर टिकल्या आला. तुक्याचा धनुष्यवाला 'वरलीवाडी' या त्यांच्या वाडीच्या नावानं फिरत होता, त्यामुळं टिकल्यालाही कळलंच असणार. पण बोलला नाही. तुक्याही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला दोघं त्याच ठिकाणी आले, आणि मग रोजच. वर्षभर एकमेकांच्या पाठीला पाठ लावून लढले. 'थांब', 'ये', 'मागे बघ' याच्या पलीकडे एक शब्द नाही.

"मंग दोघं फुकटवाल्यात जा की," मी म्हणालो. "तिथं निदान माणसं आहेत."

तुक्यानं माझ्याकडे मी वेडा असल्यासारखं बघितलं. "तिथं लाखभर मानूस. तिथं भेटायचं तर आधी सांगाया लागंल ना, मी ह्या नावानं येतो, तू कुठल्या नावानं येशील? म्हंजे वळख द्याया लागंल."

"मंग दे," खाला म्हणाली.

"त्यानं द्यावी. तो मोठा हाय."

दिवाळी येऊन गेली. महिनावाल्यानं नवा भाग आणला. नवी बेटं, नवे राक्षस. बघायला दोनच माणसं. मग त्या कंपनीला घाम फुटला आणि त्यांनी महिना रद्द करून आपलाही खेळ फुकट केला. खालानं ते ऐकलं आणि थेट कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावला. पलीकडं एक गोड आवाजाची मुलगी होती.

"बेटी, ये फुकट गणपती में करने का था," खाला तिला समजावत होती. "मच्छी उतर गया, फिर भाव उतारके क्या फायदा?"

मुलीनं तक्रार नोंदवून घेतली म्हणे.

फायदा झाला नाहीच. उन्हाळ्याच्या तोंडाला पडद्यावर सूचना आली : अमुक रविवारी दुपारी चार वाजता हा खेळ कायमचा बंद होईल, आजवरच्या साथीबद्दल आभार. तुक्यानं ती सूचना वाचली आणि जेवला नाही. दुसऱ्या दिवशीही नीट जेवला नाही. संध्याकाळी धनुष्यवाला आणि ढालवाला कारंज्यापाशी शेजारी उभे राहायचे. राक्षसबिक्षस काही नाही. नुसते उभे. दोघांपैकी कुणी टाईप करील म्हणून मी वाट बघायचो. करत नसत.

"काय बी होनार नाय ह्यांचं," खाला म्हणाली. "दोघं बी एकाच आयचे."

शुक्रवारी तुक्या दुसऱ्या पाळीला कामावर होता. मी पडवीत आलो तर खाला त्याच्या खुर्चीत, चष्मा नाकावर, एका बोटानं अक्षरं शोधतेय. पडद्यावर तुक्याचा धनुष्यवाला, समोर टिकल्या. तिनं लिहिलं होतं : "Tuka padla. Jina. Pay gela. Birwadi ye. Khala."

"खाला!" मी ओरडलोच. "अहो, हे खोटं!"

"खोटं कुठं? पडलाच हाय तो. जिन्यावरून नाय, एवढंच."

टिकल्या तिथून नाहीसा झाला. खालानं क्रोशाचं झाकण पडद्यावर ओढलं आणि मला बजावलं, "तुक्याला सांगशील तर बादलीचं डबल."

रविवारी सुट्टी होती. तुक्या जेवण सोडून दुपारीच येऊन बसला. नगरीत टिकल्या नव्हता. काल नव्हता, आजही नव्हता. तुक्यानं चौक पालथा घातला, वेशीबाहेर जाऊन आला, डोंगरावर चढून बघितलं. माऊस असा आपटत होता की खालानं एरवी दंड घेतला असता. ती दारात खुर्ची टाकून रस्त्याकडं बघत बसली होती.

तीन वाजून गेल्यावर दारात रिक्षा थांबली. एक माणूस उतरला, तुक्याचंच नाक, तुक्याचेच कान, जरा जाड. धुळीनं माखलेला. एका हातात पिशवी, आणि काखेत, वापरायला नव्हे तर आणलेली, एक लाकडी कुबडी. मुंबईहून एस.टी.त ती उभी धरून आला होता.

दारातूनच त्याला दिसलं : तुक्या दोन्ही पाय खुर्चीवर घेऊन मांडी घालून बसलेला.

तुक्यानं मान वळवली. भावाचा चेहरा आधी पांढरा, मग लाल झाला. तो खालाला म्हणाला, "ह्याचा पाय गेला होता ना?"

"त्यालाच विचार."

"मी ह्याच्याशी बोलत नाय."

"खाला, ह्याला कोनी बोलावलं?" तुक्या म्हणाला. तोही खालाशीच.

"मी दुभाषी नाय तुमची." खालानं शेजारचा संगणक मोकळा केला, त्यावर महिनावाला अजून होताच, आणि खुर्ची ओढली. "चारला बंद होनार हाय तो. ज्याला जे बोलायचंय ते तिथं बोला. चप्पल काढ रे."

तिच्या आवाजाला नाही म्हणणारा मी बघितला नाही. भावानं चप्पल काढली, कुबडी भिंतीला टेकवली, आणि बसला. टिकल्या कारंज्यापाशी उगवला. दोघं हातभर अंतरावर बसून समोर बघत होते. खाला आणि मी मागं.

मग टिकल्यानं लिहिलं : "Aai kashi?"

"Bari. Gudghe dukhtat."

"Doctor?"

"Poladpur la nela. Mhatla vay zala."

"Mala shivya dete?"

तुक्या कीबोर्डावर वाकला. मग लिहिलं : "Nay. Vat baghte."

भावानं डोळे पुसले की घाम पुसला ते मला मागून दिसलं नाही. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा चारवर येत होता. त्यानं अक्षरं शोधत, चुकत, परत मागं जात लिहिलं : "Yeu ka ghari?"

तुक्याची बोटं अक्षरांवर गेली. आणि नगरी थिजली. कारंज्याचं पाणी हवेतच थांबलं, मग पडदा करडा झाला आणि मधोमध एक ओळ आली की संपर्क तुटला आहे.

बाहेर रिक्षावाला घोरत होता. तुक्याची बोटं अजून अक्षरांवरच होती. त्यानं एक कळ दाबून बघितली. पुन्हा दाबली. खाला पुढं झाली नाही, तिनं मलाही दंडाला धरून ठेवलं.

शेवटी तुक्या त्या करड्या पडद्याकडंच बघत मोठ्यानं म्हणाला, "ये की."

भाऊ हलला नाही.

"वर जायला पाचची एस.टी. हाय," तुक्या म्हणाला. मग मान वळवून भिंतीकडं बघितलं. "ती कुबडी घे बरोबर, दादा. आयच्या कामाला येईल."

"मंग बसलायत काय?" खाला ओरडली, आणि दोघांच्या पाठीवर एकेक धपाटा घातला. "उठा! पाचची गाडी काय तुमची वाट बघत उभी ऱ्हानार हाय?"